फेटिया आणि फ्रंट लोड

वॉशिंग मशीनच्या दुकानात गेल्यावर माणसानं आधी काय पाहावं, याबद्दल आमच्या घरात दोन मतं आहेत. संगीताच्या मते पाणी किती लागतं, वीज किती लागते आणि बिघडलं तर दुरुस्त करणारा माणूस कुठून येतो, हे पाहावं. माझ्या मते काच पाहावी.

दत्त चौकातल्या दुकानात मी काच पाहिली आणि तिथंच उभा राहिलो. पुढून उघडणारं पांढरं मशीन, त्याच्या पोटावर जाड, गोल, किंचित फुगीर काच. दुकानदारानं नमुन्यादाखल आत एक निळा टॉवेल टाकून ते पाण्याविनाच सुरू ठेवलं होतं. टॉवेल वर चढायचा, क्षणभर थबकायचा, आपण इथं कशाला आलो होतो हे आठवून पाहायचा, आणि अलगद खाली पडायचा. पुन्हा वर. मी भूगोलाचा शिक्षक आहे. पृथ्वी स्वतःभोवती फिरते हे मी इतकी वर्षं शिकवत आलो, पण ती फिरताना अशी निवांत दिसत असेल, हे मला कधी सुचलं नव्हतं.

"अहो," संगीता म्हणाली, "ते विचारून राह्यले, कितीचं पाहिजे? सहा किलो का सात?"

"गोल," मी म्हणालो.

दुकानदारानं संगीताकडे पाहिलं आणि त्यानंतर माझ्याशी तो बोललाच नाही.

संगीता पोस्टात आहे. दिवसभर शिक्के मारून तिचं उजवं मनगट दुखायला लागलं होतं. डॉक्टर म्हणाले, शिक्के चालतील, सरकारी काम आहे. पण घरी कपडे पिळणं बंद. मग काही दिवस मी पिळून पाहिलं. मी पिळलेले कपडे वाळायला दोन दिवस लागत, आणि तोवर दोरीखाली पाण्याचं एक लहानसं तळं साचे. त्या तळ्यावर चिमण्या येत. मला ते बरं वाटे. संगीताला वाटत नसे.

तिची नजर वरून झाकण उघडणाऱ्या मशीनवर होती. मध्येच एखादा मोजा सापडला तर झाकण उघडून आत टाकता येतो, असं तिचं म्हणणं. पण दुकानदार म्हणाला, "मॅडम, फ्रंट लोडले पाणी कमी लागते." आता, ज्या गावात नळ चार-सहा दिवसांनी येतो आणि आला की माणसं ऑफिसातून रजा काढून घरी धावतात, त्या गावात या वाक्यापुढे बाकीचे मुद्दे टिकत नाहीत. संगीतानं होकार दिला. अशा रीतीनं तिच्या कारणासाठी माझी आवड घरी आली. संसारात याहून चांगला योग नसतो.

घरी पोचायच्या आत बातमी विठ्ठलरावांना कळलेली होती. विठ्ठलराव भोयर आमचे शेजारी. कळंबकडे त्यांची कापूस-तुरीची शेती आहे, ती मुलगा पाहतो, आणि विठ्ठलराव आम्हाला पाहतात. ते बनियनवर कुंपणापाशी उभे होते.

"मास्तर, मशीन आन् म्हैस, दोन्ही घेतानी दात पाहा लागते," ते म्हणाले.

"मशीनले दात नसतात, विठ्ठलराव."

"म्हणूनच म्हणतो. फसान तुम्ही."

मशीन आलं आणि न्हाणीघराच्या दारात अडलं. दार अरुंद होतं की मशीन रुंद, यावर हमालांनी बराच वेळ चर्चा केली. उभं करून पाहिलं, तिरपं करून पाहिलं. शेवटी ते हॉलमध्ये, टीव्हीच्या जागी, सोफ्याच्या बरोबर समोर बसलं, आणि टीव्ही भिंतीकडे तोंड करून कोपऱ्यात उभा राहिला, शिक्षा झालेल्या पोरासारखा. मला ही मांडणी मनापासून आवडली. सोफ्यावर बसून मी त्या काचेकडे पाहू लागलो. आत अजून काहीच नव्हतं, फक्त वाकडा झालेला आमचा हॉल आणि त्यात लांबट तोंडाचा मी.

मग लोहाऱ्याहून कंपनीचा माणूस आला, राजदीप. अंगानं चांगला भारी, कानाला कायम फोन. त्यानं मशीन पाहिलं, बोर्ड पाहिला, फोनवरच्या माणसाला "थांब जरा" म्हणाला आणि मला विचारलं, "अर्थिंग कुठाय?"

मी इकडेतिकडे पाहिलं. अर्थिंग असतं तर दिसलं असतं, अशी माझी समजूत होती.

दुसऱ्या दिवशी आमच्या अंगणात खड्डा खणला जात होता. त्यात कोळसा, खडेमीठ आणि तांब्याची पट्टी घालायची होती. विठ्ठलराव काठावर खुर्ची टाकून बसले आणि "अजून खाली, अजून खाली" म्हणत राहिले. रस्त्यानं जाणारे थांबून विचारत, "बोअर का?" मी म्हणे, "नाही, वॉशिंग मशीन." ते मान हलवत आणि जास्त काही न विचारता पुढे जात. विठ्ठलरावांच्या घरच्या विमलताईंनी खड्डा पाहून हळद-कुंकू आणि नारळ आणला. "कशाचा का असंना, खड्डा हाय," त्या म्हणाल्या. नारळ फोडला. मीठ, कोळसा आणि खोबरं, असं आमचं अर्थिंग झालं.

राजदीप पुन्हा आला. नळाला बोट लावून म्हणाला, "पाण्याले जोर नाही. टाकी वर घ्या."

टाकी गच्चीवर जमिनीला टेकून होती. विठ्ठलराव म्हणाले, "अँगलचा स्टँड करा, मास्तर. चांगला उंच करा. कायले कंजूसपणा?" लोहाऱ्याच्या एमआयडीसीतून लोखंडी स्टँड वेल्डिंग करून आणला, टाकी त्यावर चढवली. ती आमच्या गल्लीतली सगळ्यात उंच वस्तू झाली. संध्याकाळी तिच्यावर बगळा येऊन बसला. मी गच्चीवर उभा राहून कितीतरी वेळ त्याच्याकडे पाहत होतो आणि माझं घर आता थोडं आकाशात आहे, असं मला वाटत होतं.

सकाळी दार वाजलं. विठ्ठलराव. पण आज बनियनवर नव्हते. इस्त्रीचा पांढरा शुभ्र शर्ट, खिशाला पेन. हे आमच्या मधुबन सोसायटीचे सचिवही आहेत. या शर्टात ते आले की समजायचं, सोसायटी आली.

"राठोड सर," ते म्हणाले. शर्टात असले की ते मला मास्तर म्हणत नाहीत. "सोसायटीच्या वतीनं विचारतो. हे वरचं बांधकाम कोणाच्या परवानगीनं केलं?"

"तुम्हीच तं म्हणाले, उंच करा!"

"काल मी शेजारी होतो."

त्यांनी चहा घेतला, बिस्किटं घेतली, सोसायटीच्या हरकती एकेक करून सांगितल्या. टाकीची सावली पाटीलकाकूंच्या पापडांवर पडते. बगळा अशुभ. उद्या सगळेच उंच करतील. मी प्रत्येक हरकतीला उत्तर दिलं आणि प्रत्येक उत्तरावर ते "हे मी बैठकीत मांडतो" म्हणाले. बैठक म्हणजे तेच. जाताना दारात थबकले, शर्टाचं वरचं बटण काढलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "मास्तर, सुरू झाल्यावर आमच्या दोन चादरी टाकू देसान का? मंग मंजुरीले काही अडचण नाही."

शेवटी एका रविवारी सकाळी मशीन सुरू झालं.

सोफ्यावर विठ्ठलराव, विमलताई, पाटीलकाकू. मी खाली सतरंजीवर. संगीता दाराला टेकून उभी. आत चादरी होत्या. पाणी आलं, काचेवर चढलं, थांबलं. मग सगळं हळूच हललं. एक निळी चादर वर गेली आणि पडली. एक फुलांची तिच्यामागून गेली आणि पडली. बाहेर भाजीवाल्याची हाक आली आणि विरून गेली. पाटीलकाकू पापडांबद्दल बोलायला आल्या होत्या, त्या तोंड किंचित उघडं ठेवून बसल्या. विठ्ठलरावांची मान हळूहळू छातीवर आली आणि ते घोरू लागले. विमलताई माझ्याकडे वळून कुजबुजल्या, "दुपारच्याले बी कवा झोपत नाहीत हे. सारी गल्ली पाहा लागते ना त्याईले." आणि मग त्यांचीही मान कलली.

हे किती वेळ चाललं, ते संगीताला ठाऊक आहे, कारण ती एकटीच जागी होती. मशीननं संपल्याचं गाणं वाजवलं तेव्हा ती म्हणाली, "एवढ्या वेळात तं मी धुऊन, वाळवून, घड्या करून, घालून मळवले असते."

वेळ किती लागला, यावर एखाद्या गोष्टीची किंमत ठरत नाही, हे पोस्टातल्या माणसाला पटवणं कठीण.

दुसऱ्या धुण्याला विमलताईंनी सल्ला दिला, की आपल्याकडची काळी माती एवढ्याशा पावडरीला दाद देत नाही, एक मूठ जास्त टाका. मी विठ्ठलरावांच्या शेतातल्या कपड्यांचा विचार केला आणि दोन मुठी टाकल्या. थोड्या वेळानं मशीनच्या खणातून फेस डोकावला. आधी लाजत, मग मोकळेपणानं. तो सतरंजीवर आला, सोफ्याच्या पायांशी आला. खिडकीतून आलेल्या उन्हात त्याचे फुगे निळे-जांभळे होत आणि फुटत. विमलताई पाय वर घेऊन सोफ्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "माय वं, ढगावर बसल्यावानी लागते." संगीता फडकं घेऊन आली, तिनं आम्हा दोघांकडे पाहिलं आणि एकच शब्द म्हणाली. तो इथं लिहीत नाही.

त्या दिवसापासून मी अभ्यासाला लागलो. मशीनसोबत आलेलं पुस्तक वाचलं, मोबाईलवर लोकांची भाषणं ऐकली आणि लवकरच या विषयावर बोलू शकणारा आमच्या गल्लीतला एकमेव माणूस झालो. पावडर कमी, तीही फ्रंट लोडचीच. चिखलाचे कपडे आधी बाहेर झटकायचे. रोजच्या कपड्यांना छोटं चक्र पुरतं, लांब चक्र मळक्यांसाठी. शेवटच्या खळबळण्याचं पाणी बादलीत धरून लिंबाच्या झाडाला. आणि सगळ्यात महत्त्वाचं तत्त्व: अर्धं रिकामं मशीन फिरवणं म्हणजे पाण्याचा आणि विजेचा गुन्हा. वर एक हात जाईल एवढी जागा सोडायची, बाकी भरायचं. हे मी शाळेत सांगितलं, गल्लीत सांगितलं, दूधवाल्याला सांगितलं. रंगीत आणि पांढरे वेगळे धुवायचे, हे सांगायचं मात्र राहून गेलं. ते सगळ्यांना ठाऊकच असतं, असं मी धरून चाललो.

अशात वैशाख आला आणि याडी आली.

याडी म्हणजे माझी आई, सुखीबाई. आम्ही बंजारा, आईला याडी म्हणतो. ती दिग्रसच्या अलीकडे आमच्या तांड्यावर थोरल्या भावाकडे, सेवादासकडे राहते. त्याच्या मुलाचं, बादलचं, लग्न ठरलं होतं. नवरी वणीची, नवरा दिग्रसकडचा, तेव्हा कार्यालय मधोमध यवतमाळात. त्यामुळे याडी आधीच आमच्याकडे येऊन राहिली. सोबत एक गाठोडं. गाठोड्यात तिचा लग्नातला फेटिया, म्हणजे आमच्या बायकांचा घेरदार घागरा: लाल, जड, अंगभर आरसे टाकलेला. तो तिच्या आईनं हातानं शिवलेला. घरातल्या प्रत्येक लग्नात याडी तो घालते आणि नाचते. त्याला दुसऱ्या कुणी हात लावलेला तिला खपत नाही. ती स्वतःच तो कधीतरी पाण्यातून काढते, न चोळता, आरसे तुटतील म्हणून.

हॉलमध्ये आल्या आल्या तिनं मशीनकडे बोट केलं. "ई कांई छ?" म्हणजे, हे काय आहे? ती आमच्याशी गोरबोलीतच बोलते. पुढचं मी आपल्या बोलीत सांगतो.

"कपडे धुते, याडी."

"कोन धुते? आत कोन हाय?"

मी तिला समोर बसवलं आणि माझे शर्ट लावून दाखवले. ती मांडी घालून बसली. शर्ट चढले, थबकले, पडले. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "हात नाही दिसत." आणि मग, "पर धुते." त्या दिवसापासून जेवण झालं की ती काचेसमोर. मशीन बंद असलं तरी. मी शेजारी बसून तिला माझी तत्त्वं सांगे आणि ती "हां बेटा" म्हणे. आजवर माझ्या कुठल्याही वर्गानं मला इतकं शांतपणे ऐकून घेतलं नव्हतं.

लग्नाच्या आदल्या दुपारची गोष्ट. बाहेर ऊन असं, की कुत्रीसुद्धा नालीत जाऊन बसलेली. संगीता विमलताईंबरोबर नवरीच्या साड्या आणायला गेली होती. कूलरची घरघर ऐकत मी आतल्या खोलीत झोपलो. मला स्वप्न पडलं, की मी वर्गात सूर्यमाला शिकवतोय आणि फळ्यावर काढलेले तारे एकेक करून निसटून पोरांच्या डोक्यांवर बसताहेत.

डोळे उघडले तर तारे छतावर होते.

हॉलच्या दारातून ते आत येत होते. छतावरून भिंतीवर, भिंतीवरून कॅलेंडरवर, माझ्या हातावर. शेकडो, सरसर सरकत, एकदम थबकत, पडत, पुन्हा चढत. मी उठलो नाही. स्वप्न चालू असताना उठायचं कशाला? लांबून कुठून तरी बारीक किणकिण येत होती, बैलाच्या गळ्यातल्या घुंगरांसारखी. मी अनवाणी हॉलमध्ये गेलो. पश्चिमेच्या खिडकीतून ऊन थेट मशीनच्या काचेवर पडलं होतं. काचेमागे लाल रंग उसळत होता आणि त्या लालात आरसे पेटत आणि विझत होते. समोर याडी बसली होती, अंगावर संगीताची सुती साडी, तोंडावरून, केसांवरून उजेडाचे ठिपके पळत होते. ती मला ओळखीची वाटली नाही. आणि मी तिच्याशेजारी बसून पाहू लागलो.

पूर्ण जागं व्हायला मला बराच वेळ लागला. मग मी किंचाळलो.

"याडी! फेटिया?"

"हां बेटा," ती शांतपणे म्हणाली. "उद्या लग्न हाय. धुऊन राह्यला."

"आरसे तुटतील ना!"

"मी पाह्यलं ना एवढे दिवस. लय हळू करते ते. मायेनं करते."

"आन् हे पांढरं काय आहे त्याच्यासंगं?"

"तुह्ये शर्ट. आन् त्या भोयराचा शर्ट पडला होता तितं, चादरीसंगं आलेला. तूच म्हणे, रिकाम्यानं फिरवू नको, गुन्हा हाय."

मी बटणाकडे धावलो. माझं बोट बटणावर टेकायला आणि वीज जायला एकच गाठ पडली. तारे छतावरच थांबले. आत लाल पाण्यात फेटिया तरंगत राहिला. मी दार ओढलं. उघडेना. अशा वेळी फ्रंट लोडचं दार उघडत नाही, ही ती सोय होती, जिचं मी दूधवाल्याकडे कौतुक केलं होतं.

मी कंपनीला फोन लावला. एका गोड आवाजानं हिंदीत सांगितलं, की माझी तक्रार त्यांच्यासाठी फार मोलाची आहे. मग बासरी वाजली. ती इतकी छान होती, की मी दोनदा विसरलो, फोन कशासाठी केला होता. बासरी थांबली आणि एका मुलीनं विचारलं, "सर, मशीन के अंदर क्या है?"

"मेरी माँ का फेटिया."

"सर, प्रोडक्ट का नाम बताइए."

राजदीपला फोन केला. तो वणीला होता, एका लग्नातच. मागे बँड वाजत होता. "झाकण..." एवढं ऐकू आलं आणि मग फक्त बँड.

माझा आवाज ऐकून विठ्ठलराव आले, बनियनवर. त्यांनी काचेतून आत पाहिलं. त्या लाल-गुलाबी पाण्यात एक बाही काचेला चिकटली होती आणि तिच्या शेजारी पेनाचा निळा डाग पडलेला खिसा. सचिवपदाचा शर्ट त्यांनी ओळखला.

"काच फोडा," ते म्हणाले.

"काच?"

"दुसरा उपाय नाही. पाणी आत राह्यलं तं सारा रंग उतरीन. उद्या लग्न हाय." त्यांनी घरून हातोडीही आणली.

मी हातोडी हातात घेतली. ती काच मी दुकानात पहिल्यांदा पाहिली तेव्हापासून माझी होती. तिच्यापुढे बसून मी किती संध्याकाळी घालवल्या होत्या. दुसरीकडे याडी. ती हातोडीकडे पाहत नव्हती, माझ्याकडेही नाही. आत, पाण्यात पडून राहिलेल्या त्या लाल घेराकडे पाहत होती, आणि तिचा खालचा ओठ लहान पोरीसारखा पुढे आला होता. "मीच टाकला," ती हळूच म्हणाली. "मलेच हौस आली."

मी हातोडी उचलली. खरंच उचलली. डोळे मिटले.

"काय करून राह्यले तुम्ही?"

दारात संगीता. हातात साड्यांच्या पिशव्या, मागे विमलताई. आम्ही तिघांनी एकदम सांगायला सुरुवात केली. तिनं पिशव्या ठेवल्या, घमेलं आणलं, मशीनसमोर उकिडवी बसली आणि खालच्या कोपऱ्यातलं एक चौकोनी झाकण नखानं उघडलं. तिथं असं झाकण आहे, हे मला ठाऊक नव्हतं. इतके दिवस मी वर काचेतच पाहत होतो.

"हे काय आहे?"

"जाळी. दर आठवड्याले तुमच्या खिशातले खडू काढते मी इथून."

तिनं आतली नळी सोडली. गुलाबी पाणी घमेल्यात येऊ लागलं, एक घमेलं, दुसरं, तिसरं; विमलताई ते नेऊन लिंबाला ओतत होत्या. पाणी सरल्यावर तिनं झाकणाआडची एक नारिंगी दोरी ओढली. टक् असा आवाज झाला आणि दार उघडलं. नेमकी त्याच क्षणी वीज आली, मशीननं आपलं गाणं म्हटलं, आणि माझ्या फोनवर निरोप आला, की आपली तक्रार यशस्वीरीत्या सोडवण्यात आली आहे.

फेटिया निघाला. थोडे आरसे सुटले होते. ते जाळीत सापडले, माझ्या खडूंबरोबर. विमलताईंनी आणि संगीतानं ते रात्री बसून पुन्हा शिवून दिले. लाल रंग जायचा तेवढा गेला होता आणि जो गेला तो आमच्या शर्टांनी घेतला होता. दुसऱ्या दिवशी कार्यालयात मी गुलाबी होतो, विठ्ठलराव गुलाबी होते, आणि वणीकडच्या पाहुण्यांनी नवऱ्याकडची पद्धत समजून आम्हा दोघांना पहिल्या पंगतीत बसवलं. विठ्ठलरावांना ते इतकं आवडलं, की सोसायटीची पुढची बैठक त्यांनी त्याच शर्टात घेतली. टाकीला मंजुरी मिळाली. बगळ्याचा विषय पुढच्या बैठकीवर गेला.

पण मला सांगायचं आहे ते लग्नाच्या आधीचं, त्याच संध्याकाळचं.

ऊन उतरल्यावर आम्ही फेटिया गच्चीवर नेला. ओला इतका जड, की तिघांनी धरावा लागला. वारा गरम होता. याडीनं घेर दोरीवर पसरला आणि काठाशी येऊन थांबली. तो काठ आजवर आम्ही काळाच पाहिलेला. किती लग्नांची, किती अंगणांची आणि शेतांची माती त्याच्यात बसलेली होती. तो तसाच असतो, असं आम्हाला वाटायचं. आता माती गेली होती आणि काठानं एक पिवळी धाग्याची वेल निघाली होती.

"हे पिवळं मले ठावूकच नाही," याडी म्हणाली. "लग्नात घातला तवा मी लहान होती. खाली कोन पाहते?"

संगीता पुढे झाली, बोट लावलं आणि पटकन मागे घेतलं. कारण वेल वाकडी होती. आमच्या घरात आलेल्या प्रत्येक सुनेला याडीनं आपल्या आईच्या टाक्याचा दाखला दिलेला आहे. 'माझ्या याडीचा टाका तांदळाच्या दाण्यावानी, एकासारखा एक.' संगीतानं शिवलेली उशीची खोळ त्या टाक्यापुढे कायम नापास झालेली. आणि इथं वेल नीट सुरू होत होती, मग टाके लांबत होते, सैल होत होते, रेघ खाली खाली घसरत काठाबाहेर जायला निघत होती, आणि एकदम झटक्यानं वर.

याडी वाकली. डोळे बारीक करून तिनं ती घसरण पाहिली, बोटानं हळूहळू तिच्यावरून गेली आणि झटक्यापाशी थांबली. मग तिच्या पोटातून एक बारीक हसू निघालं.

"झोपली होती," ती म्हणाली. "दिवसभर सडकेवर गिट्टी फोडे ती. मंग शिवाले बसे. पाह्य ना, बेटा, शिवता शिवता डोळा लागला तिचा."

ती एक पाऊल पुढे सरकली. "इथं जागी झाली." अजून एक पाऊल. टाके तांदळासारखे, एकासारखा एक. मग पुन्हा लांब, पुन्हा सैल. "इथं परत झोपली." ती हसत होती आणि पदरानं डोळे पुसत होती. संगीता तिच्या मागून, दुखऱ्या हातानं ओला काठ उचलून धरत चालली होती. "इथं?" ती विचारायची. "इथं जागी हाय," याडी म्हणायची. "इथं?" "इथं झोपली. इथं तं लय झोपली, बिचारी."

वाऱ्यानं फेटिया फुगत होता, बसत होता. घेर फार मोठा होता आणि त्यांना फिरून यायला वेळ लागणार होता, म्हणून मी खाली जाऊन चहा ठेवला.